राणीने न दिलेला घटस्फोट: मुंबई, लंडन आणि मधला समुद्र

रखमाबाईंची गोष्ट आज ज्या रूपात फिरते, तिचा शेवट मोठा देखणा आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असे फर्मावले. रखमाबाईंनी थेट राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागितली. राणीने निकाल फिरवून लग्नच मोडून टाकले. मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. यातली सुरुवात खरी आहे आणि डॉक्टर होणेही खरे आहे. मधला दुवा तेवढा खोटा आहे.

राणीने ते लग्न मोडले नाही. कोणीच मोडले नाही. १८८९ साली रखमाबाई बोटीत बसल्या तेव्हा कायद्याने त्या दादाजी भिकाजी यांच्या पत्नीच होत्या. लंडनमध्ये शरीरशास्त्र शिकतानाही होत्या आणि पुढे सुरतेच्या दवाखान्यात काम करतानाही होत्या. नवरा मुंबईत, बायको सातासमुद्रापार, आणि हा विवाह संपवण्याची सोय ना इथल्या कायद्यात, ना तिथल्या. हा धागा त्या न मिळालेल्या घटस्फोटाचा आणि तो मिळण्याजोगा होईपर्यंत लागलेल्या काळाचा.

आधी खटला. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. त्यांच्या सुतार जातीत विधवेचा पुनर्विवाह चालत असल्याने आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठजणांत ते होते, आणि त्याच आठांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. मुलीचे लग्न मात्र काळाच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी एकोणीस वर्षांचा. त्याने सासऱ्यांच्या घरी राहून शिकावे असे ठरले होते. शिक्षणात त्याचे मन रमले नाही, आणि तो आपल्या मामाकडे राहू लागला. रखमाबाई माहेरीच राहिल्या. घरी मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके येत. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक सभांना जात. गिरगावातले ते मंदिर आजही उभे आहे, आणि त्या चौकाला बसचे कंडक्टरसुद्धा ‘प्रार्थना समाज’ म्हणूनच ओळखतात.

१८८४ साली दादाजीने पत्नीला नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. दाव्याचे नाव होते दाम्पत्यहक्कांची पुनःस्थापना. एप्रिल १८८५ मध्ये, दाव्याची सुनावणी होण्याआधीच, सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्र छापून आले. लिहिणारी कोण, हे पुढे सगळ्यांना कळले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, शब्दाचा होता. पुनःस्थापना त्याची करायची, जे एकदा स्थापन झाले आहे. हे दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र राहिलेच नव्हते. शिवाय हा दावाच मुळी हिंदू धर्मशास्त्रात नाही. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इथे आलेला उपाय आहे, हेही त्यांनी बोलून दाखवले. विलक्षण गोष्ट अशी की ज्या इंग्लंडमधून हा दावा आला, तिथे अशा हुकमाची अवज्ञा करणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच काढून टाकली होती. मुंबईत लागू असलेल्या दिवाणी संहितेत मात्र ती शाबूत होती.

अपिलात मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी खाली पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करेन असे उत्तर दिले. बेहरामजी मलबारी, प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ आणि मंडळींनी त्यांच्या बचावासाठी समिती काढली. टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने दादाजीची आणि शास्त्राची बाजू लढवली. तो वाद पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोहोचतो. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

इथे महत्त्वाचा आहे तो शेवट. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावणार नाही असे कबूल केले. बस्स, इतकेच. हुकूमनामा रद्द झाला नाही. लग्न रद्द झाले नाही. दिवाणी दाव्यात देणेकऱ्याने पैसे भरून वसुली टाळावी, तसा हा व्यवहार होता. फरक एवढाच की वसूल व्हायची होती ती एक माणूस.

या तडजोडीनंतर दोघांची कायद्यातली स्थिती पाहण्यासारखी आहे. हिंदू पुरुषाला एकापेक्षा अधिक बायका करण्याची तेव्हा मुभा होती. दादाजीने लवकरच दुसरे लग्न केले आणि त्यात काहीच बेकायदा नव्हते. रखमाबाईंनी दुसरे लग्न केले असते, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९४ त्यांना लागू झाले असते: पती हयात असताना दुसरा विवाह, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तीच तडजोड, तेच लग्न. एकाला मोकळे, दुसरीला बांधून ठेवणारे.

मग राणीचे काय? राणीला असा अधिकारच नव्हता. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत एखादे लग्न पूर्णपणे मोडायचे तर पार्लमेंटात त्या जोडप्यापुरता खासगी कायदा मंजूर करून घ्यावा लागे. ते काम श्रीमंतांनाच परवडे. १८५७ नंतर त्यासाठी वेगळे न्यायालय आले. राजमुकुटाने सही करून कोणाचे लग्न मोडावे, ही तिथली पद्धत नव्हती. मुंबईच्या निकालावर वरचा दरवाजा होता तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, आणि तिथे जाण्याआधीच तडजोड झाली. राणीची गोष्ट लोकप्रिय का झाली, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. न्याय मिळाला असे वाटायला कोणीतरी न्याय देणारा लागतो. दोन हजार रुपयांची पावती त्या जागी बसवली तर गोष्ट फिकी पडते.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची आणि इतरांच्या साहाय्याने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. आता प्रश्न असा: इंग्लंडमध्ये तर घटस्फोटाचे न्यायालय होते. तिथे राहणाऱ्या रखमाबाईंनी तिथेच अर्ज का केला नाही?

कारण तिथेही भिंत होती. १८६६ साली ‘हायड विरुद्ध हायड’ या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने एक तत्त्व सांगितले. खटला होता अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या मॉर्मन पंथीय लग्नाचा. त्या पंथात तेव्हा पुरुषाला अनेक बायका करता येत. न्यायालय म्हणाले, ज्या विवाहपद्धतीत एकाहून अधिक बायकांना वाव आहे, ते लग्न आमच्या लेखी ख्रिस्ती अर्थाचे लग्न नाही. म्हणून ते मोडण्याचे कामही आमचे नाही. नवऱ्याने प्रत्यक्षात दुसरी बायको केली आहे की नाही, याला महत्त्व नव्हते. पद्धतीत ती शक्यता असणे पुरेसे होते. त्या काळचे प्रत्येक हिंदू लग्न या व्याख्येत अडकत होते. इंग्लंडने हा नियम कायद्याने बाजूला केला तो थेट १९७२ साली.

रखमाबाईंचे शिक्षण १८९४ मध्ये पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी दुसरी भिंतही पक्की झाली. सिलोनहून आलेल्या ‘ल मेझ्युरिए’ खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की लग्न मोडण्याचा खरा अधिकार पतिपत्नीच्या अधिवासाच्या देशातील न्यायालयाला असतो. आता अधिवास कोणाचा? तेव्हाच्या कायद्यात पत्नीला स्वतंत्र अधिवास नव्हता; नवऱ्याचा तोच तिचा. म्हणजे बायको वर्षानुवर्षे लंडनमध्ये राहिली, तरी कायद्याच्या नकाशावर ती दादाजी जिथे राहतो तिथेच, मुंबईत, राहत होती. आणि मुंबईतल्या हिंदू कायद्यात घटस्फोट नव्हता.

‘हिंदूंत घटस्फोट नव्हता’ हे वाक्य मात्र जसेच्या तसे घेऊ नये. ते वरच्या जातींच्या शास्त्राबद्दल बऱ्याच अंशी खरे आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य लोकांबद्दल नाही. मराठीत या गोष्टीसाठी जितके शब्द आहेत, तितके काही उगाच तयार होत नाहीत. काडीमोड हा शब्द गवताची काडी मोडून संबंध संपल्याची खूण करण्यावरून आला. फारकत हा फारसीमार्गे दप्तरांत आला. सोडचिठ्ठी तर सरळ कागदच आहे: नवऱ्याने लिहून द्यायचा आणि बायकोला दुसरा पाट लावायला मोकळीक द्यायची. नवरा समोर असण्याची गरज नव्हती. चिठ्ठी आली की पुरे. दूर राहून लग्न मोडण्याची ही या प्रदेशातली सर्वांत जुनी व्यवस्था म्हणावी लागेल. घटस्फोट हा आजचा सभ्य, कचेरीतला शब्द मात्र मूळचा लग्नाचा नव्हेच. पतित ठरलेल्या माणसाला कुळातून बाहेर काढताना घडा फोडण्याचा जो विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे, त्याचे ते नाव. लग्न मोडण्यासाठी नेमका वाळीत टाकण्याचा शब्द का निवडला गेला असेल, यावर भाषेच्या अभ्यासकांनी थोडे थांबायला हवे.

परदेशी गेलेल्या नवऱ्याचा विचारही शास्त्रकारांनी केला होता. पाराशर आणि नारद स्मृतींत स्त्रीने दुसरा पती करण्याच्या ज्या पाच आपत्ती सांगितल्या आहेत, त्यांतली पहिलीच नवरा नाहीसा होण्याची. नारदाने तर वाट पाहण्याची मुदत घालून दिली: ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षे, मूल नसेल तर चार, क्षत्रिय स्त्रीने सहा, नाहीतर तीन, वैश्य स्त्रीने चार, नाहीतर दोन. पुढच्या भाष्यकारांनी ही वचने कलियुगात लागू नाहीत म्हणून मिटवून टाकली. विद्यासागरांनी १८५६ च्या विधवाविवाह कायद्यासाठी त्यांतलेच पाराशराचे वचन पुन्हा बाहेर काढले, पण विधवेपुरते. हरवलेल्या नवऱ्याच्या बायकोचा प्रश्न तसाच राहिला.

इंग्रज न्यायालयांनी जातींच्या रूढींचे काय केले? एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या होत्या. त्यांत पाट आणि काडीमोड यांची दखल आहे. पण दखल घेणे वेगळे आणि अंमल करणे वेगळे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात एका स्त्रीने जातपंचायतीच्या परवानगीने, नवऱ्याच्या संमतीवाचून, दुसरा विवाह केला होता. न्यायालयाने सांगितले की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. बाईने मनापासून ही परवानगी पुरेशी मानली होती, याचा उपयोग झाला नाही. म्हणजे चिठ्ठी हवी तर नवऱ्याचीच हवी. तो दूर असेल, बेपत्ता असेल किंवा हट्टी असेल, तर पंचायतीची पळवाट बंद झाली.

या निकालाचे वजन कळायला परळ-लालबागकडे पाहावे लागते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढच्या अर्धशतकात ताडदेवपासून परळ, लालबागपर्यंत धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुण्याकडचे पुरुष खोलीत दहा-बाराजण दाटीने राहत. बायका गावी शेत आणि सासर सांभाळत. १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली, आणि अनेक लग्नांचा सगळा संवाद त्या फॉर्मच्या खालच्या चार ओळींत मावू लागला. मनीऑर्डर थांबली की गावात अर्थ कळे. त्यातून कोणी जहाजावर खलाशी म्हणून गेला तर चिठ्ठी मागायची तरी कोणाकडे? हे लोक कोर्टाच्या निवाड्यांत क्वचितच दिसतात. त्यांना वकील परवडत नव्हता, आणि जे निर्णय झाले ते ओसरीवर झाले.

साहेबांचे हाल तरी बरे होते का? फार नव्हते, आणि या इतिहासातली ही गमतीची बाजू. भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा होता. पारशांना १८६५ पासून स्वतःचा कायदा होता. मुंबईत, कलकत्त्यात, छावण्यांत राहणाऱ्या इंग्रज जोडप्यांनी अर्धशतक इथल्या न्यायालयांतून घटस्फोट घेतले, पुन्हा लग्ने केली, मुले झाली. १९२१ मध्ये ‘कीज विरुद्ध कीज’ या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने सांगितले की ज्यांचा अधिवास इंग्लंडचा आहे, त्यांचे लग्न मोडण्याचा भारतातल्या न्यायालयांना अधिकारच नाही. एका निकालाने हजारो मैलांवरची कित्येक दुसरी लग्ने अधांतरी लोंबकळली. पार्लमेंटने त्याच वर्षी घाईने कायदा करून आधीचे घटस्फोट वैध ठरवले आणि १९२६ मध्ये भारतातल्या उच्च न्यायालयांना पुढच्या प्रकरणांसाठी अधिकार दिला. रखमाबाईंना अडवणारे अधिवासाचे तत्त्व साहेबांच्या घरात शिरताच ते पाच वर्षांत दुरुस्त झाले. आणखी एक दुरुस्ती त्याच सुमाराची: १९२३ साली दिवाणी संहितेतून दाम्पत्यहक्कांच्या हुकमासाठी कैदेची तरतूद निघाली. रखमाबाईंना सुनावलेल्या शिक्षेनंतर छत्तीस वर्षांनी.

दादाजी १९०४ मध्ये वारले. रखमाबाईंनी त्यानंतर विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. आजच्या वाचकाला हे खटकते. बंडखोर बाईने असे का करावे? याची उत्तरे अनेक असू शकतात. पण एक गोष्ट त्या लुगड्यावरून निर्विवाद कळते. ज्या नात्याला त्यांनी आयुष्यभर नकार दिला, ते संपले असे जगाच्या आणि कायद्याच्या लेखी त्याच दिवशी ठरले.

दरम्यान परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत आणखी एक लग्न समुद्राने दुभागले गेले होते. तुटण्यासाठी नव्हे, शिक्षणासाठी. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला आणि नंतर दोन खेपांनी लंडनला होते, आणि रमाबाई मुंबईत संसाराची तोंडमिळवणी करत होत्या. दूर राहणे म्हणजे सोडून जाणे नव्हे, हे त्या घराइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधणाऱ्या आणि कायदामंत्री झालेल्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाची तरतूद मांडली. संस्कृती बुडेल, असा गजर झाला. त्यावर त्यांचे उत्तर साधे आणि समाजशास्त्रीय होते: हिंदूंतला बहुसंख्य शूद्र समाज काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे, नवे काही आणत नाही, मूठभरांचा नियम सर्वांवर लादणे थांबवतो आहे. बिल अडकले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मुंबई प्रांत मात्र दिल्लीसाठी थांबला नव्हता. १९४६ साली इथे हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी झाली आणि १९४७ साली मुंबई हिंदू घटस्फोट कायदा आला. दादाजीची दुसऱ्या लग्नाची मोकळीक पहिल्याने संपवली. रखमाबाईंचा नसलेला दरवाजा दुसऱ्याने उघडला. सलग चार वर्षे सोडून जाणे हे त्यात घटस्फोटाचे कारण होते, आणि सात वर्षे जिवंत असल्याची खबर नसणे हेही.

या कायद्याखालचा सर्वांत गाजलेला खटला मुंबईचाच, आणि त्यातही समुद्र आहेच. एका गुजराती व्यापारी कुटुंबातला नवरा जानेवारी १९४७ मध्ये धंद्यासाठी इंग्लंडला गेला, मे महिन्यात परतला. मधल्या काळात पत्नीने घरी राहून गेलेल्या एका पाहुण्याला लिहिलेले पत्र त्याच्या हाती लागले. पत्नी माहेरी गेली. काही वर्षांनी नवऱ्याने ‘मला सोडून गेली’ म्हणून घटस्फोट मागितला. न्यायमूर्ती तेंडोलकरांनी तो दिला. छागलांच्या खंडपीठाने फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ च्या निकालात निर्णायक ठरली एक तार. पत्नी परत येण्याच्या बेतात असताना नवऱ्याने सासऱ्यांना तार केली होती की तिला पाठवू नका. येऊ पाहणाऱ्या बाईला दारातून अडवायचे आणि मग ती आली नाही म्हणायचे, हे चालणार नाही. न्यायालयाने सांगितले की नुसते वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे. कायमचे सोडण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. अंतर मैलांत मोजून भागत नाही, ही गोष्ट भारतीय कायद्यात अशा रीतीने मुंबईतल्या एका तारेमुळे आली.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. गंमत म्हणजे मुंबईने दिलेले एक पाऊल त्याने मागे घेतले: परित्यागासाठी आता थेट घटस्फोट नव्हे, आधी न्यायिक विभक्तता. ती चूक १९७६ च्या दुरुस्तीत सुधारली, आणि परस्परसंमतीचा घटस्फोटही तेव्हाच आला. जातींच्या रूढीतला काडीमोड मात्र कलम २९ ने जपला. सोडचिठ्ठीला शेवटी कायद्यात जागा मिळाली. रखमाबाई तेव्हा मुंबईत होत्या, नव्वद वर्षांच्या. कायदा आल्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले.

दरवाजा उघडल्यावर नवा प्रश्न आला, आणि तो उलट्या दिशेचा होता. आता लग्न मोडणे अशक्य नव्हते. परदेशात बसलेल्या नवऱ्याला ते फारच सोपे झाले होते. १९५५ साली जालंधरला लग्न झालेला एक वनाधिकारी १९५९ मध्ये अमेरिकेला शिकायला गेला. योगायोग पाहा, तोही युटामध्येच राहिला. घटस्फोट मात्र त्याने शेजारच्या नेवाडा राज्यातून घेतला, कारण तिथे सहा आठवड्यांचे वास्तव्य पुरत असे. बायको पंजाबात दोन मुलांसह पोटगी मागत होती. पंजाबच्या उच्च न्यायालयाने जुनेच सूत्र लावले: नवऱ्याचा अधिवास तोच बायकोचा, म्हणून नेवाडाचा हुकूम खरा. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हे मोडून काढले. नेवाडात हा माणूस नुसता पाखरासारखा येऊन गेला होता. तिथला अधिवास खोटा सांगून मिळवलेला निकाल भारत मानणार नाही.

१९९१ मध्ये मिसुरीहून मिळवलेल्या अशाच एका हुकमावर सर्वोच्च न्यायालयाने नियमच बांधून दिला. लग्न ज्या कायद्याखाली झाले, त्या कायद्यातल्या कारणावरच ते मोडता येईल; दुसऱ्या बाजूने त्या परदेशी न्यायालयापुढे स्वखुशीने हजर होऊन बाजू मांडली असेल किंवा संमती दिली असेल, तरच अपवाद. नुसती नोटीस पोचली आणि उत्तर आले नाही, एवढ्याने काही होत नाही. अमेरिकेचे विमानाचे तिकीट परवडत नसणाऱ्या बाईचे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. यातला पहिला निकाल न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा, दुसरा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. दोघेही मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले. रखमाबाईंविरुद्ध हुकूम झाला तेच न्यायालय.

अंतराचा शेवटचा अडथळा प्रत्यक्ष हजेरीचा होता. तोही मुंबईच्या एका प्रकरणाने ढिला केला. इथल्या एका डॉक्टरवरील फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाची साक्ष पडद्यावरून घ्यावी की नाही, हा वाद होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय हो म्हणाले. विवाहाच्या वादांत न्यायालये जास्त सावध राहिली: मार्च २०१७ मध्ये अशा सुनावणीला वाट दिली, ऑक्टोबरमध्ये बहुमताने ती आवळली, की तडजोडीचे प्रयत्न थांबल्यावर आणि दोघांनी मागणी केल्यावरच. त्याच सप्टेंबरात संमतीच्या घटस्फोटासाठी सहा महिने थांबण्याची अट आवश्यक तिथे शिथिल करण्याची आणि आईवडील किंवा भावंडांमार्फत बाजू मांडण्याची मुभा मिळाली. त्यामुळे दादर-गिरगावातल्या एखाद्या घरातले वडील आज मुलीचे कुलमुखत्यारपत्र घेऊन वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात उभे राहू शकतात आणि मुलगी न्यू जर्सीतून पडद्यावर दिसते. तिची संमती खरी आहे ना, कोणी मागून सांगत नाही ना, हे न्यायाधीश तिलाच विचारतात.

दादाजीने लावलेला दावा अजून संपलेला नाही. इंग्लंडने दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा उपाय १९७० मध्ये रद्द केला. भारतात तो हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ म्हणून आहे. १९८३ मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. नांदायला न येणाऱ्या जोडीदाराविरुद्ध, मग तो शेजारच्या गल्लीत असो की परदेशात, आजही त्याच कलमाखाली अर्ज करता येतो.